ईएलसीबी पडला की आम्हाला फोन!

परळला माझं आणि विल्सनचं इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे. इतक्या वर्षांत दुकानात वायरचे तुकडे जमले नसतील तेवढे किस्से जमलेत, आणि त्यातले निम्मे ईएलसीबीचे. घरात कुठे करंट गळायला लागला की हा स्विच पडतो, लाइट जाते आणि माणूस वाचतो. पण लोकांची तक्रार काय? "तुमचा स्विच सारखा पडतो!" जणू आम्हीच त्याला ढकलतो.

*

लालबागला एका घरात स्विचची दांडी सुतळीने खिळ्याला बांधलेली.

"पडू नये म्हणून," काका म्हणाले.

"मग आता लाइट जात नाही?"

"जाते ना! दांडी वर, तरी लाइट जाते. कंपनीच फ्रॉड आहे!"

दांडी बांधली तरी हा स्विच आतल्या आत पडतोच. विल्सनने सुतळी निरखली. "सुतळी मात्र चांगल्या कंपनीची दिसते."

*

दादरहून एका गृहस्थांचा फोन. "स्विचवर 'टेस्ट' लिहिलेलं बटण आहे. ते दाबलं की दर वेळी पडतो!"

"मग पास झाला," विल्सन म्हणाला आणि फोन ठेवला.

*

लोअर परळच्या टॉवरमधल्या साहेबांनी लॅपटॉपवर चार्टच काढला होता. "पॅटर्न बघा! रोज नऊ ते सव्वानऊ. बाहेरून व्होल्टेजचा इश्यू आहे."

आम्ही मान डोलावत असताना मागून लादी पुसणाऱ्या मंगलताई म्हणाल्या, "मी रोज सांगते, तो एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवरून उचला, पाणी जातं. पण मला चार्ट काढता येत नाही ना!"

*

गिरगावात सासूबाईंचा संशय सुनेच्या ओव्हनवर, सुनेचा सासूबाईंच्या देवघरातल्या तोरणावर. दोन्ही प्लग काढले, तरी पडला! शेवटी माशांच्या टाकीतला पंप निघाला. टाकी कोणाची? सासूबाईंच्या मुलाची, म्हणजे सुनेच्या नवऱ्याची. तो कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेला. दोघी एकदम त्याच्याकडे वळल्या.

"निघू या," विल्सन कुजबुजला. "आता खरा शॉक बसणार आहे."

*

आमच्याच गल्लीतले तात्या. गिरणीतून रिटायर झालेले, एकटे राहणारे. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा बोलावलं.

"तो स्विच काढून टाक. डायरेक्ट जोड!"

"तात्या, डायरेक्ट जोडला तर तुम्ही पण डायरेक्टच जाल!"

सगळी उपकरणं काढली, एकेक करून लावली. फ्रिज ठीक, टीव्ही ठीक. गीझर लावला आणि स्विच पडला. उघडून बघतो तर आतली कॉइल फुटलेली, अर्थिंगची वायर सुटलेली. मी तात्यांकडे वळलो.

"नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत नव्हत्या?"

"येत होत्यो की! महिनाभर."

"आणि बोलला नाहीत?"

"त्यात काय बोलूचा?"

नवा गीझर बसवला, अर्थिंग केलं. स्विच एकदाही पडला नाही. आठ दिवसांनी तात्या लंगडत दुकानात हजर.

"आता काय झालं?"

"स्विच पडणा नाय. पण गुडघो परत दुखाक लागलो रे झिला. जरासो करंट सोडशीत?"