झहूरचं बिनउजेडाचं काम

उरणात लग्न कुणाचंही असो, रोषणाई झहूरच्या अब्बांचीच. कोळ्यांची हळद असो की मोहल्ल्यातला निकाह, त्यांच्या माळा लागल्याशिवाय मांडवाला रंग चढत नसे. एक बल्ब मंद दिसला की सगळं घराणं मंद दिसतं, असं ते म्हणत. अशा माणसाचा पोरगा तळोज्याच्या कारखान्यात मीटर सांभाळायला गेला, हे काही त्यांच्या पचनी पडलं नव्हतं. दर सुट्टीला ते विचारत, तू लावलेला उजेड कुठं दिसतो? झहूर मान खाली घालून चहा पीत राही.

झहूर मुळातच स्वप्नाळू. उन्हं कलली की कारखान्यातल्या थिनरच्या टाक्या त्याला पंगतीला बसलेल्या पाहुण्यांसारख्या वाटत. टाकीत किती माल आहे ते सांगणारी यंत्रं त्र्याण्णवच्या सुमारास तिथं नवीनच बसली होती. टाकीच्या तोंडाशी थिनरची वाफ सदा तरंगायची आणि तिला पेटायला एक ठिणगी पुरे. म्हणून यंत्राकडे जाणारा करंट आधी पॅनेलच्या खोलीतल्या एका छोट्या डबीतून जाई. तिला सगळे बॅरिअर म्हणत. ती करंटला इतका अशक्त करून सोडायची की झहूरला त्याची दया यायची. डोळे मिटले की त्याला तो दिसायचा, बाळ निजलेल्या खोलीत अनवाणी शिरणाऱ्या आईसारखा, हलक्या पावलांनी टाकीकडे निघालेला.

एके दिवशी पॅनेलवरचा, एका टाकीतला माल दाखवणारा काटा थरथरायला लागला. टाकी भरलेली, अन् हा पठ्ठ्या अर्धी दाखवतोय! झहूरमधला मांडववाला जागा झाला. बिचाऱ्याला उपाशी ठेवलंय, असं पुटपुटत त्यानं बॅरिअर काढला आणि वायर थेट जोडली. काटा लगेच जागेवर आला. आता टाकीवर चढून वायरचं टोक तेवढं आवळायचं राहिलं, ते सकाळी बघू, असं म्हणत स्वारी शीळ घालत कँटीनकडे निघाली.

सुरक्षा बघणाऱ्या सुमेधा मॅडम राउंडवर आल्या, तेव्हा बाजूला पडलेली डबी त्यांना दिसली. त्यांनी लाइन बंद केली आणि झहूरला वर्कशॉपमध्ये बोलावून सगळं विचारून घेतलं. रागावल्या नाहीत. बॅरिअरमधून आलेल्या दोन वायरी त्याच्या हातात देऊन टोकं टेकवायला सांगितली. काहीच झालं नाही. मग बॅरिअर काढून पुन्हा टेकवायला सांगितली. चट्‌कन निळी ठिणगी उडाली. दिसायला सुंदरच होती ती.

"हीच उद्या तुम्ही टाकीच्या तोंडाशी पाडणार होतात," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

झहूरनं वायरी खाली ठेवल्या. तो तिथल्या स्टुलावर बसला. घरी बायको आरिफा होती, नुकती पावलं टाकायला लागलेली लेक कैनात होती. आयुष्यात इतका तो कधी भ्याला नव्हता. काट्याची खोट निघाली ती खाडीच्या खाऱ्या हवेनं गंजलेल्या वायरच्या जोडाची. बॅरिअर परत बसवला, लाइन बंद ठेवून जोड घासला, आणि काटा मुकाट्यानं खरं बोलू लागला.

सुट्टीला तो उरणला गेला. अब्बा गच्चीवर गुंतलेली माळ सोडवत बसले होते. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. या खेपेला झहूरनं मान खाली घातली नाही.

"अब्बा, माझा उजेड दिसत नाय. ज्या दिवशी दिसंल ना, त्या दिवशी मी घरी येनार नाय."

अब्बांचे हात माळेतच थांबले. मग माळ बाजूला ठेवून त्यांनी पोराचा हात घट्ट धरला.

"मंग नको दिसू देऊस," ते म्हणाले.