उन्हाळ्याची बाटली

थोरल्या मुलाने मासे आणून दिले, त्या रात्री आईला झोप येईना.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर अंधारात दोरांशी झटायचा आणि सुट्टीला बायकोला घेऊन ओढ्यावर जायचा. विकतचे रंगीत मासे त्याला नजरेसमोर नको असत. त्याचे मासे ओढ्यातले: बोटाएवढे, मातकट, दगडाला चिकटणारे. त्यांना वाहतं पाणी लागतं, म्हणून टाकीच्या एका टोकाला पंप होता. मासे त्या धारेकडे तोंड करून जागच्या जागी पोहत राहायचे.

"अगदी तुझ्यावर गेलेत," बायको म्हणायची. "मरमर पोहायचं आणि जायचं कुठंच नाही!"

गेल्या वर्षी ती तापाने गेली. त्यानंतर तो कामावर जायचा, जेवायचा, विचारलं तर "बरंय" म्हणायचा. टाकीला मात्र कुणाला हात लावू देत नसे. आईलासुद्धा.

आणि आज दुपारी टाकीच घेऊन दारात उभा!

"आई, आता तू सांभाळ."

"मी? मागे चिमूटभर जास्त खाणं टाकलं, तर घर डोक्यावर घेतलं होतंस!"

"शिकवतो ना. पदवीधर बाई तू, एवढं जमेल की."

किती दिवसांनी तो थट्टा करत होता! ती हुरळून गेली. पंप कसा धुवायचा, पाणी किती बदलायचं, सगळं त्याने तिच्याकडून करून घेतलं. निघताना एक रिकामी बाटली हातात दिली. "उन्हाळ्यात यात पाणी गोठवून टाकीत सोडायचं. यांना ऊन पाणी सोसत नाही." आपल्या खोलीची किल्लीही टेबलावर ठेवली. "असू दे तुझ्याकडे."

बाहेर तर आत्ता कुठे थंडी पडू लागली होती.

रात्री पंपाची घरघर ऐकताना हे तिच्या ध्यानात आलं आणि ती ताडकन उठून बसली. उन्हाळ्यात तो कुठे असणार होता?

तिने नवऱ्याला हलवून उठवलं. "ही किल्ली घ्या. आत्ता त्याच्याकडे जा."

"अगं, पण झालं काय?"

"चप्पल घाला आधी. तुम्ही पोचेपर्यंत मी त्याला फोनवर बोलतं ठेवते."

"जेवलास का?" असं आज विचारायचं नाही. जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का, हेच सरळ विचारायचं. चिडला तर चिडू दे.

तिने फोन उचलला.