पुडीची घडी

माझ्या धाकट्या भावाला ना गाता येत होतं, ना वाजवता. तरी एका गायकाच्या मागे तो वर्षानुवर्षं फिरला. ज्याचं गाणं लागल्याशिवाय आमच्याकडच्या हळदीत कोणी नाचायला उठत नसे, तो गायक. भाऊ त्याचा कीबोर्ड उचलायचा, चहा आणायचा, फोटोत कडेला उभा राहायचा. माझा तिळपापड व्हायचा. "गणपती रंगवायचे सोडून हमाली कसली करतोस?" म्हटलं की हसायचा. "ताय, माज्याशिवाय तो स्टेजवर चढत नाय गो."

पेणजवळच्या जोहे गावात आमचा गणपतींचा कारखाना आहे. तिथे मूर्तींना लावायची चमकी आम्ही कागदाच्या पुड्यांत बांधतो. दोन्ही टोकं आत खोचायची, वर तिसरी घडी. पंख्याखालीही सांडत नाही. आईने ती मला शिकवली, मी भावाला.

रोह्याच्या एका लॉजवर तो गायक नशेच्या पावडरीने गेला. खोलीत हे दोघंच होते. पोलिसांनी मला पेणला बोलावलं, पुढ्यात एक रिकामी पुडी ठेवली. ओळखता का, म्हणाले. मला वाटलं, पुडी आमची ठरली म्हणजे आत चमकीच होती हे पटेल आणि भाऊ सुटेल. मी ठणकावून सांगितलं, "व्हय, ही घडी आमचीच." कोर्टातही तेच सांगावं लागलं. पावडर भावानेच आणून दिली, असं ठरलं. सहा वर्षांची शिक्षा झाली. मी एकदाही भेटायला गेले नाही. कुठल्या तोंडाने त्याच्यासमोर जाणार होते?

सुटल्यावर तो घरी आलाच नाही. रोह्यात एका ठेकेदाराकडे केमिकलचे रिकामे ड्रम धुतो, असं कळलं. परवा वालाचं बिरडं घेऊन गेले. डबा उघडायच्या आधीच मी रडायला लागले. "माज्यामुळं गेलास तू आत."

"नाय गो. पुडी मीच बांधलीवती. तू खोटं काय बोललीस?"

तो खाली मान घालून जेवला. हात धुऊन आला आणि म्हणाला, "त्याचं डोकं माज्या मांडीवर व्हतं, ताय. डॉक्टरला बोलवू नको, माजं नाव जाईल, म्हणत व्हता. मी त्याचं ऐकलं. नेहमी ऐकायचो तसं."

त्या खोलीत काय झालं, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.