डोक्याला हात लावायचा नाही

कुत्र्याला सलूनमध्ये न्यायच्या आदल्या संध्याकाळी त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत खोबरेल तेल चोपडणारा माणूस मी अख्ख्या कॉव्हेंट्रीत एकच पाहिला. खानविलकर काका. आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नितीन सिडनीला. घरात ते आणि पांडू. पांडू कॉकापू जातीचा, म्हणजे अंगभर लोकरीसारखे कुरळे केस. रोज विंचरले नाहीत तर त्यांच्या गाठी होतात. काका विंचरायचे नाहीत. तेल लावायचे.

डोळ्यांमुळे काकांचं ड्रायव्हिंग बंद झालं आणि पांडूची वरात माझ्या गाडीतून निघू लागली. मागच्या सीटला तेल, सीटबेल्टला तेल, माझ्या ऑफिसच्या कोटाला तेल.

"काका, शेरननं मागच्या वेळी हात जोडले होते हो. तेलानं तिचं मशीन अडकतं."

"अगं, तेलाशिवाय न्हाणं म्हणजे नुसतं भिजणं. या इंग्रजांना केसांतलं काय कळतंय?"

शेरन ही सलूनची मालकीण. बाई शांत, पण पांडूला टेबलावर घेऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला की तिचाही चेहरा पडायचा. "मिस्टर के, अगेन?" एवढंच म्हणायची आणि तेल काढायला दोनदा शॅम्पू करायची. काका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तिच्यावर देखरेख करायचे. मला तर तिथे बसायचीही लाज वाटायची.

एकदा शेरननं केस बाजूला करून आम्हाला दोघांना आतली कातडी दाखवली. गाठींखाली लालभडक झाली होती. "हे आता विंचरून सुटणार नाही. सगळं मुळापासून काढावं लागेल, डोक्यावरचंसुद्धा. त्याला दुखतंय."

काकांचं इंग्रजी माझ्याहून चांगलं होतं. पण ऐकायचं नसलं की ते मराठीत शिरायचे.

"तिला विचार, याच्या घरातलं कुणी गेलंय का?"

"काका, कुत्रा आहे तो!"

"असू दे. मी धडधाकट बसलोय इथे आणि याचं मुंडण करायचं? अंगावरचे काय काढायचे ते काढा म्हणावं. डोक्याला हात लावायचा नाही."

आता हे शेरनला कसं सांगणार? मी म्हटलं, ते म्हणताहेत की त्यांच्या घरात कुणी वारलेलं नाही. शेरन म्हणाली, "ऐकून बरं वाटलं."

त्या दिवशी पांडू बाहेर आला तो काटकुळं अंग आणि वर भलामोठा फ्लॉवरचा गड्डा अशा अवतारात. कानांमागच्या गाठी तशाच. पुढच्या आठवड्यात कान चिघळले, व्हेटकडे मीच नेलं. आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच तेल, तेच स्टूल, तेच भांडण. शेवटी मी तडकून सांगितलं, "मी आता येणार नाही. तो जीव कळवळतोय आणि तुम्हाला तुमचं पडलंय." काही दिवसांनी काका कोथिंबीर वड्यांचा डबा घेऊन दारात हजर. "रागावलीस? उद्या जायचंय ना. त्याला तेल लावून ठेवलंय." मी कपाळावर हात मारला आणि गाडीची किल्ली शोधली.

त्या खेपेला गाडीत ते आपणहून बोलले. "माझे वडील गेले तेव्हा तिकडे जायला मिळालं नाही. इथेच बाथरूममध्ये डोकं भादरलं आणि कामावर गेलो. कारखान्यात सगळे हसले. उवा झाल्या का, म्हणाले. मी कुणाला काही सांगितलं नाही." मग म्हणाले, "केस काय, येतात परत. पण ते ज्याच्यासाठी काढायचे, त्याच्यासाठीच काढायचे." मला वाईट वाटलं आणि रागही आला. मागच्या सीटवर पांडू कान खाजवत होता. त्याला या सगळ्याशी काय घेणं?

गेल्या हिवाळ्यात काका हॉस्पिटलमध्ये गेले ते परत आलेच नाहीत. नितीन सिडनीहून आला. अंत्यविधीला खूप रडला. गुरुजींनी हळूच केसांचं विचारलं तेव्हा म्हणाला, "सोमवारी क्लायंटसमोर उभं राहायचंय, गुरुजी. असा कसा जाऊ?" गुरुजीही म्हणाले, हल्ली कुणी आग्रह धरत नाही. तो परत गेला. पांडू माझ्याकडे राहिला.

मी त्याला शेरनकडे नेलं. तिनं पाठीवरून हात फिरवला आणि थबकली. "आज तेल नाही?" मी नाही म्हटलं. तिनं स्टुलाकडे पाहिलं, मग सवयीनं आवाज जरा चढवून, भांडणाच्या तयारीनं विचारलं, "आणि डोकं?"

"सगळं काढ," मी म्हटलं.

मशीन कुठेही न अडकता फिरलं. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, आणि आता मला तिकडे बघवत नव्हतं. काम झाल्यावर शेरननं नेहमीसारखी अत्तराची बाटली उचलली आणि पांडूच्या गळ्यात बांधायला लाल बो काढला. मी तिचा हात धरला.

"नको," म्हटलं. "त्याच्या घरातलं माणूस गेलंय."