पुन्हाबाई आणि सहा खलाशी

आमच्या मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरीबाई स्वतःच्या घराचं कुलूपसुद्धा दोनदा ओढून बघत. एकदा लावल्यावर आणि एकदा अर्ध्या रस्त्यातून परत येऊन. कुठल्याही कामावर त्यांचं एकच, "पुन्हा बघ." म्हणून श्रीवर्धनच्या धक्क्यावर त्यांचं नाव पडलं पुन्हाबाई. आता त्या लेकीकडे ठाण्याला असतात.

मी तिथं कॉम्प्युटरवर बसायचे आणि त्यांच्यावर जाम चिडायचे. बोटी आणि खलाशांची यादी माझ्याकडे. वादळाचा इशारा आला की त्या यादीवरून प्रत्येक बोटीवरच्या माणसांना मेसेज जाई. कॉम्प्युटरला नियम घातलेला होता: खलाशाच्या नावापुढची बोट यादीत असलीच पाहिजे. जुन्या वह्यांतल्या नोंदी भरताना तो मेला सारखा अडवायचा, म्हणून मी तो बंद केला आणि सगळं भरून झाल्यावर चालू केला.

"आधीच्या नोंदी त्याने तपासल्या का गो?"

"बाई, नियम चालू आहे म्हटलं ना!"

"दारावर राखणदार आज बसवलास. काल आत शिरले त्यांना कोण विचारणार?"

त्या दिवशी सकाळीच इशारा आला होता, मेसेजही गेले होते. केवळ बाईंचं तोंड बंद करायला मी सगळ्या जुन्या नोंदी नियमाला लावून बघितल्या. कॉम्प्युटरने सहा खलाशी बाहेर काढले. त्यांची बोटच यादीत नव्हती! बोट विकली गेली होती, नव्या मालकाने नारळी पौर्णिमेला रंग देऊन तिचं नाव बदललं होतं. मी यादीतलं जुनं नाव पुसून नवं लिहिलं होतं आणि माणसं पुसलेल्या नावापुढेच ठेवली होती. त्यांना मेसेज गेलाच नव्हता आणि बोट समुद्रात होती. त्यातलं दुसरं नाव माझ्या बाबांचं. देवा रे, हे मी केलं होतं!

बाई ओरडल्या नाहीत. अनवाणीच वायरलेसच्या खोलीकडे धावल्या आणि तासभर त्या बोटीला हाका मारत राहिल्या. शेवटी तांडेलाचा, म्हणजे बोट हाकणाऱ्या म्होरक्याचा, आवाज आला. बोट वळली आणि संध्याकाळी, वारा उठता उठता, धक्क्याला लागली.

बाबा उतरले तशी मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. बाई मात्र कागद घेऊन मोजत होत्या. सहा झाले. मग सातवा उतरला.

बाईंनी कागदावरची नावं पुन्हा मोजली, सहाच होती. "तू कोण रे? कधीपासून आहेस बोटीवर?"

"तीन वर्सं झाली, बाय. नाव कुनी इचारलंच न्हाय."

बाई जाळ्यांच्या ढिगावर मटकन बसल्या. त्यांनी पेन मागितलं. मग कागदासकट ते माझ्याच हातात दिलं आणि सातवं नाव मला लिहायला लावलं.