पेट्रोलमध्ये धुतलेलं सील

वडील भोसरीत हमाली करत, आई कामगारांचे डबे पोचवी. त्यांच्या जिवावर मी बी.एस्सी. झालो आणि एका कंपनीत तात्पुरता लागलो.

कंपनीच्या साहेबांच्या जुन्या विलायती स्पोर्ट्स गाडीचे सुटे भाग आणून देणं माझ्याकडे होतं. तिचं काम ज्या मिस्त्रीकडे असे, तो मला नावानं कधी हाक मारत नसे. "या, बीएस्सी!" म्हणायचा. मी आणलेले ब्रेक पॅड नखानं खरवडायचा, हुंगायचा. "हा नको राव, लई कडक हाय. डिस्क खाईल." मग मी दुसरे आणायचो. हाती येईल ती वस्तू आधी पेट्रोलमध्ये बुडवायची त्याची खोडच होती.

गाडी न्यायच्या दिवशी पुढचं चाक जाम झालं. साहेब मिस्त्रीच्या शेडमध्ये सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले, "पॅड तूच आणलेस ना? डिग्री घेऊन एवढं कळत नाही? उद्यापासून येऊ नकोस!"

मिस्त्रीनं चाक काढलं, पॅड दाबणारा ब्रेकचा कॅलिपर खोलला आणि आतलं फुगलेलं रबरी सील तळहातावर धरलं.

"पॅड बरोबर हायत, साहेब. सील मी पेट्रोलात धुतलं, म्हणून फुगलं. ते ब्रेक ऑइलातच धुवायचं असतं, मला ठावं हाय. हात सवयीनं गेला."

साहेब आता त्याला बोलू लागले, आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही.

त्यानं नवी सीलं बसवली, गाडी सरळ थांबू लागली. साहेबांनी मला काढलं नाही; पुढे मी नोकरीत कायम झालो.