आउटबॉक्समधले अकरा मेल

चूक माझी होती आणि मी ती एका बाईंच्या माथी मारली. तीही फोनवरून, स्पीकर चालू आहे हे माहीत असताना, सगळ्या ऑफिससमोर.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा वीस वर्षांचा धंदा. त्यातही मेलची जोडणी म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. माझ्याकडे एक लांबट वही आहे. त्यात प्रत्येक मेल कंपनीचं एक पान: येणाऱ्या मेलचा सर्व्हर कोणता, जाणाऱ्या मेलचा कोणता, पोर्ट, म्हणजे त्याच्या दाराचा नंबर, किती. हे दोन रस्ते वेगळे असतात हे मी लोकांना पोस्टाच्या उदाहरणाने समजावायचो. पोस्टमन पत्र घरी आणून देतो, पण आपलं पत्र टाकायला पेटीपर्यंत आपल्यालाच जावं लागतं. नेमकं हेच मी विसरलो.

ज्या कारखान्यात हे घडलं तिथे गिअरचे सुटे भाग बनतात. ऑफिसात एकच बाई, मूळच्या घोटीच्या, राहायला इंदिरानगरला. सगळे त्यांना ताई म्हणत आणि ग्राहकांचा सगळा पत्रव्यवहार त्यांच्या टेबलावरून चाले. त्यांच्या कॉम्प्युटरवर मेल मीच जोडून दिला होता. शेठनी इंटरनेटची कंपनी बदलली. चौथ्या दिवशी ताईंचा फोन आला.

"भाऊ, मेल येतात, पण जात नाय. खाली लाल अक्षरात कायतरी येतं."

"येतात ना? मग सेटिंग बरोबर आहे."

"एकदा येऊन बघा तरी."

तेवढ्यात शेठनी स्पीकर चालू केला. एका मोठ्या ग्राहकाला ड्रॉइंग वेळेत मिळालं नव्हतं आणि त्याने काम दुसरीकडे दिलं होतं. "मशीनची चूक की माणसाची, तेवढं सांगा," शेठ म्हणाले.

मी रस्त्यात गाडी बाजूला घेऊन बोलत होतो. घाई होती आणि वीस वर्षांचा तोरा होता. "माणसाची," मी म्हणालो. "ताईंनी सेंड न दाबताच बंद केलं असणार."

दुसऱ्या दिवसापासून ताई स्टोअरमध्ये, नट-बोल्ट काढून देण्याच्या कामावर. शेठ स्वतःच्या मोबाइलवरून मेल पाठवू लागले, ते जात होते, त्यामुळे माझ्यावर कोणाला शंकाही आली नाही.

दीड महिन्याने दुसऱ्या एका कारखान्यानेही इंटरनेट बदललं आणि तिथेही जाणारे मेल अडकले. या वेळी मी समोर बसलो होतो. लाल अक्षरं वाचली, वही उघडली. जाणाऱ्या मेलच्या रकान्यात मी इंटरनेट कंपनीचा सर्व्हर लिहून ठेवला होता. जुनी सवय. एके काळी आम्ही सगळे तसंच करायचो, कारण तो पासवर्ड न विचारता मेल पुढे पाठवायचा. पण फक्त त्याच्या स्वतःच्या जोडणीवरून आलेला. जोडणी बदलली की तो ओळख दाखवत नाही. मेल ज्या कंपनीचा, जाणारा सर्व्हरही तिचाच हवा, पोर्ट ५८७, आणि नाव-पासवर्ड द्यायच्या चौकटीत खूण. एवढंच. दोन मिनिटांत दुरुस्त केलं. मला काम येतं, म्हणूनच लाज जास्त वाटली.

तिथून उठून थेट ताईंच्या कारखान्यात गेलो. पण गेलो तो 'कॉम्प्युटरची साफसफाई करायची आहे' असं सांगून. ताईंचं टेबल रिकामंच होतं. गुपचूप सेटिंग बदललं आणि डोळ्यांदेखत आउटबॉक्समध्ये अडकलेले अकरा मेल एकामागून एक निघून गेले. थांबवायलाही वेळ मिळाला नाही. प्रत्येकाखाली ताईंचं नाव. आउटबॉक्समध्ये मेल असतो याचा अर्थ सेंड दाबलेलं असतं. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

ग्राहकांचे शेठना फोन सुरू झाले: दीड महिन्यापूर्वीचं ड्रॉइंग आज का पाठवलं? शेठनी मला फोन केला. "स्टोअरमध्ये बसवलं तरी या बाईंचा गोंधळ संपत नाही. दसऱ्यानंतर येऊ नका म्हणून सांगणार आहे."

मी नुसतं 'हं' म्हणालो. ते 'हं' आजही मला ऐकू येतं.

खंडेनवमीला तिथे यंत्रांची पूजा असते आणि मलाही बोलावणं असतं. लेथला झेंडूच्या माळा, पाटावर नट आवळायचे पाने, मापं घ्यायचं व्हर्निअर, हातोड्या. ताई हळदीकुंकवाची वाटी घेऊन उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. एका फिटरने हाक मारली, "या साहेब! तुमचं हत्यार ठेवा की पाटावर. का नुसते पेढे खायला आलात?"

सगळे हसले. मी पिशवीतून वही काढली, ते पान उघडलं आणि हातोडीशेजारी ठेवलं. मग शेठकडे वळलो. "ताईंनी सेंड दाबलं होतं. सेटिंग मी चुकीचं भरलं होतं. आणि ते जुने मेल परवा माझ्याच हातून गेले."

शेठ वहीकडे बघत राहिले. "म्हणजे बाई खरं सांगत होत्या?"

"पहिल्या फोनपासून."

शेठनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ताई, दसरा झाला की तुमच्या टेबलावर बसा."

"बसते," ताई म्हणाल्या. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पण भाऊ, त्या दिवशी फोनवर लय मोठ्यानं बोलला होतात. आज आवाज बसला का? मागं मशीनवाल्यांना कायच ऐकू नाय आलं."

मी मागे वळलो, सगळ्यांकडे तोंड केलं आणि मला जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणालो, "चूक माझी होती, ताईंची नव्हती. आणि कळल्यावरही मी गप्प बसलो. ताई, मला माफ करा."